मौन आणि अपराध : टोकिओच्या खटल्यातील एक प्रश्न

न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे नाव आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या कानावरून गेलेले असते. टोकिओ येथे जपानी पुढाऱ्यांवर जो खटला चालला, त्यात अकरा न्यायाधीशांपैकी ज्या एकाने सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त करावे असे लिहिले, तो न्यायाधीश हिंदी होता, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. हा अभिमान अस्थानी आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु त्यांचे बाराशेंहून अधिक पृष्ठांचे निकालपत्र आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडले असेल. त्यात त्यांनी जे नाकारले तेवढे आपल्याला ठाऊक आहे. जे मान्य केले ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. युद्धात निःशस्त्र नागरिकांवर जे अत्याचार होतात त्यांचा जाब कोणाला विचारावयाचा, आणि तो विचारण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाची अवघड गाठ नेमकी तेथेच आहे. ती सोडवून पाहावी, निदान तिचे पीळ तरी मोजावेत, एवढाच आजचा उद्योग.

प्रारंभ टोकिओपासून न करता नानकिंगपासून केला पाहिजे. १३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी फौजा नानकिंगमध्ये शिरल्या. नानकिंग ही त्या वेळची चीनची राजधानी. सरकार आधीच निघून गेले होते, आणि मागे राहिलेल्या सैनिकांपैकी पुष्कळांनी गणवेष व शस्त्रे टाकून नागरिकांत मिसळून जाण्याचा प्रयत्न केला. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत तेथे जे घडले त्याची वर्णने मी येथे करणार नाही. ती ऐकवून श्रोत्यांच्या अंगावर काटा आणणे सोपे आहे, आणि त्याने विषय पुढे सरकत नाही. टोकिओच्या न्यायासनाने पुढे असा निष्कर्ष काढला की त्या सहा आठवड्यांत दोन लाखांहून अधिक नागरिक व युद्धकैदी मारले गेले, आणि पहिल्या महिन्यातच स्त्रियांवरील अत्याचारांचे सुमारे वीस हजार प्रकार घडले. आकड्यांबद्दल इतिहासकारांत वाद आहेत. घटनेबद्दल मात्र प्रामाणिक अभ्यासकांत वाद नाही.

या काळात शहरात मूठभर परदेशी माणसे राहिली होती. त्यांत मिशनरी होते, प्राध्यापक होते, डॉक्टर होते, एकदोन व्यापारी होते. त्यांनी एक समिती स्थापून शहराच्या एका भागाला सुरक्षित विभाग म्हणून जाहीर केले, आणि लक्षावधी निर्वासितांनी तेथे आसरा घेतला. समितीचा अध्यक्ष जॉन राबे हा जर्मन गृहस्थ सीमेन्स कंपनीचा प्रतिनिधी होता आणि हिटलरच्या पक्षाचा सभासद होता. जपान आणि जर्मनी यांचे सख्य होते. म्हणून हाताला नाझी पट्टा बांधलेला हा माणूस जपानी शिपायांना हटकू शकत असे. इतिहास कधी कधी असे नमुने पुढे करतो की माणसांची पांढरी आणि काळी अशी वाटणी करणाऱ्याला गप्प बसावे लागते.

या समितीने केलेले एक काम बाहेरून पाहता अगदी कारकुनी होते. प्रत्येक तक्रार टंकलिखित करावयाची, तिला क्रमांक द्यावयाचा, स्थळ, वेळ व प्रकार नमूद करावयाचा, आणि तो कागद जपानी वकिलातीत नेऊन द्यावयाचा. समितीचे चिटणीस प्राध्यापक स्माइथ यांनी पुढे साक्षीत सांगितले की पहिल्या सहा आठवड्यांत जवळजवळ दररोज दोन अर्ज जात असत. इतिहासाचे प्राध्यापक बेट्स हे ते कागद घेऊन जाणाऱ्यांपैकी एक. वकिलात विद्यापीठाला लागूनच होती. तेथील अधिकारी कागद घेत, ऐकून घेत, खेदही व्यक्त करीत. बेट्स यांच्या साक्षीप्रमाणे त्यांतील काहींना खरोखरच काही करावे असे वाटत होते, परंतु ते सैन्याला भीत होते. फार तर हे कागद शांघायमार्गे टोकिओला पाठवणे त्यांच्या हाती होते. आणि ते त्यांनी पाठवले. जे घडत होते ते त्या अर्जांनी थांबले नाही. अर्ज लिहिणाऱ्यांनाही रोज संध्याकाळी हे दिसत असलेच पाहिजे, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा टंकयंत्राशी बसले. त्या कागदांचा उपयोग नऊ वर्षांनी व्हावयाचा होता.

१९४५ च्या जुलैमध्ये पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी युद्धगुन्हेगारांना कठोर शासन करण्याचे जाहीर केले होते. सप्टेंबरात जपानने शरणागतीवर सही केली, आणि १९ जानेवारी १९४६ रोजी जनरल मॅकार्थर यांच्या आज्ञेने टोकिओचे आंतरराष्ट्रीय सैनिकी न्यायासन निर्माण झाले. इचिगाया येथील जुन्या लष्करी इमारतीत ३ मे १९४६ ला कामकाज सुरू झाले. समोर अठ्ठावीस आरोपी होते; त्यांत माजी पंतप्रधान, सेनापती, राजदूत, मंत्री होते. पहिल्याच दिवशी ओकावा नावाच्या आरोपीने पुढे बसलेल्या तोजोच्या टकलावर चापट मारली. त्याला पुढे वेडा ठरवून खटल्यातून वगळले. आरोपपत्रात पंचावन्न कलमे होती. बहुतेक कलमे आक्रमक युद्धाचा कट करणे व ते पुकारणे यांविषयीची होती, आणि खटल्याचा बहुतेक वेळही त्यातच गेला. नागरिकांच्या व कैद्यांच्या छळाविषयीची कलमे शेवटी शेवटी येत होती. त्यांतील ५४ वे कलम असे की आरोपींनी अत्याचारांची आज्ञा दिली किंवा ते करण्यास मोकळीक दिली. ५५ वे कलम असे की अत्याचार रोखण्याचे जे कायदेशीर कर्तव्य त्यांच्याकडे होते त्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले.

हे ५५ वे कलम म्हणजेच आपला विषय. ज्याने तलवार चालवली त्याला शिक्षा करण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही. ज्याने आज्ञा केली त्यालाही पकडता येते, कारण आज्ञेचा कागद असतो किंवा ती ऐकणारा साक्षीदार असतो. परंतु ज्याने काहीच केले नाही, त्याचे काय? ज्याच्या हाताखालच्या माणसांनी अत्याचार केले, आणि ज्याला ते कळत होते किंवा कळावयास हवे होते, त्याचे मौन हा अपराध ठरतो काय? मनिलाच्या प्रकरणात अमेरिकन लष्करी मंडळाने या प्रश्नाला घाईने होकार दिला होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला शहरात सुमारे लाखभर नागरिक मेले. जपानी सेनापती यामाशिता तेव्हा डोंगरात होता, त्याचे दळणवळण तुटले होते, आणि शहरातील नौदली तुकड्या त्याच्या हुकमतीत नाममात्रच होत्या असे बचावाचे म्हणणे होते. तरी त्याला २३ फेब्रुवारी १९४६ ला फाशी देण्यात आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्याचे नाकारले. मर्फी आणि रटलेज या दोन न्यायाधीशांनी मात्र तीव्र भिन्नमत नोंदवले. ती त्यांची मते आजही आदराने वाचली जातात.

टोकिओत हा प्रश्न विशेषतः दोन माणसांच्या बाबतीत उभा राहिला. पहिला जनरल मात्सुई. नानकिंग जिंकणाऱ्या फौजांचा तो मुख्य सेनापती. शहर पडण्यापूर्वी सैन्याने शिस्तीने वागावे अशा आज्ञा त्याने काढल्या होत्या. तो आजारी होता, आणि १७ डिसेंबरला घोड्यावर बसून विजयी मिरवणुकीने शहरात शिरला. म्हणजे कत्तलीच्या ऐन भरात तो तेथे होता, काही दिवस राहिला, आणि काय चालले आहे हे त्याला कळले. त्याने पुन्हा आज्ञा काढल्या. त्यांचा परिणाम झाला नाही. निवृत्तीनंतर १९४० मध्ये त्याने अतामी येथे करुणेची देवता कानोन हिची मूर्ती उभारली. तिच्या मातीत चीनच्या रणभूमीवरची माती मिसळली होती, आणि दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी तेथे प्रार्थना होत असे. न्यायासनाने त्याला इतर सर्व कलमांतून सोडले, ५५ व्या कलमाखाली तेवढे दोषी धरले, आणि फाशी सांगितली. त्याचे आजारपण फौजेचे नेतृत्व करण्यास आड आले नाही, तेव्हा अत्याचार थांबवण्यासही आड यावयास नको होते, असा त्या निकालाचा आशय आहे.

दुसरा हिरोता. हा सैनिक नव्हे. फुकुओकाच्या एका पाथरवटाचा मुलगा, वकिलातीच्या नोकरीतून वर चढलेला. पंतप्रधान झाला, आणि नानकिंगच्या वेळी परराष्ट्रमंत्री होता. प्राध्यापक बेट्स यांच्या हातून वकिलातीत गेलेले कागद अखेर ज्याच्या खात्यात पोहोचले तो हाच. त्याला बातमी नव्हती असे म्हणता येईना. नानकिंगचे ते अर्ज न्यायासनापुढे होतेच. त्याने त्या बातम्या युद्धखात्याकडे धाडल्या. युद्धखात्याने आश्वासन दिले. ते त्याने मानले. अत्याचार चालूच असल्याच्या बातम्या येत राहिल्या, तरी त्याने मंत्रिमंडळात आग्रह धरला नाही. न्यायासनाने या निष्क्रियतेला गुन्ह्याच्या पातळीचा निष्काळजीपणा म्हटले. कटाचे व आक्रमक युद्धाचे कलमही त्याच्यावर शाबीत धरण्यात आले होते, आणि फाशी गेलेल्या सात जणांत तो एकटाच मुलकी माणूस होता. त्याने स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचे नाकारले. खटलाभर तो बहुतेक गप्पच होता.

आता न्यायमूर्ती पालांकडे येऊ. बंगालमधील नदिया जिल्ह्यात १८८६ मध्ये त्यांचा जन्म झाला. आरंभी ते गणिताचे अध्यापक होते, आणि मनूपूर्व हिंदू विधितत्त्वावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. हिंदुस्थान आणि फिलिपाइन्स या दोन देशांना न्यायासनावर जागा मिळाली तीच मुळी मागाहून, आणि पाल टोकिओला पोहोचले तेव्हा काम सुरू झालेले होते. निकाल एकमुखी दिसावा असा जो बेत इतर न्यायाधीशांत ठरला होता, तो त्यांनी स्वतःवर बंधनकारक मानला नाही. त्यांचा मुख्य मुद्दा साधा आणि भेदक होता. १९४५ पूर्वी आक्रमक युद्ध पुकारणे हा व्यक्तीचा गुन्हा असल्याचे कोणत्याही आंतरराष्ट्रीय कायद्यात नव्हते. युद्ध संपल्यावर जेत्याने गुन्हा निर्माण करावयाचा आणि पराभूताला त्याखाली लटकवावयाचे, हा न्याय नव्हे. ज्या राष्ट्रांची स्वतःची साम्राज्ये तलवारीने उभी राहिली त्यांनी आक्रमणाची व्याख्या करावयास बसावे, याची विसंगतीही त्यांनी लपवली नाही. पॅसिफिक युद्धात नाझींच्या आज्ञांशी तुलना करण्यासारखे काही असेल तर तो अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय, असे त्यांनी लिहिले. या मुद्द्यांवर पालांना उत्तर देणे तेव्हाही कठीण होते आणि आजही कठीण आहे.

पण नानकिंगबद्दल ते काय म्हणतात? येथे आपण थांबले पाहिजे. प्रचारात अतिशयोक्ती असते हे त्यांनी बजावले, साक्षीदारांच्या काही विधानांबद्दल शंकाही घेतल्या. आणि इतके झाल्यावर त्यांनी मान्य केले की जपानी सैनिकांनी नागरिकांवर व कैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा निर्णायक आहे. पालांनी नानकिंग खोटे ठरवले अशी जी समजूत जपानमधील काही मंडळी पसरवतात, आणि आपल्याकडेही जी ऐकू येते, तिला त्यांच्या निकालपत्रात आधार नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. प्रत्यक्ष अत्याचार करणाऱ्यांना ठिकठिकाणच्या न्यायालयांनी शिक्षा दिल्याच आहेत. समोरच्या आरोपींनी आज्ञा दिल्याचा पुरावा नाही. मग त्यांना कोणत्या नियमाने धरावयाचे? मुख्य सेनापतीला हाताखालच्या शिस्तीच्या यंत्रणेवर विसंबण्याचा हक्क आहे, आणि मात्सुईने आपल्या परीने उपाय केले, असे ते म्हणतात. मंत्र्याच्या बाबतीत तर त्यांचे मत असे की रणांगणावरील सैन्यावर देखरेख करणे हे मंत्रिमंडळातील प्रत्येकाचे कर्तव्य नव्हे. जपानच्या राज्यघटनेत सैन्य थेट सम्राटाच्या हुकमतीत होते आणि मंत्र्यांना लष्करी कारवाईत हात घालता येत नव्हता, हे ध्यानात घेतले तर हा युक्तिवाद पोकळ नाही. हॉलंडचे न्यायाधीश रोलिंग हे पालांशी अनेक बाबतींत असहमत. परंतु हिरोताला सोडावे असे त्यांनीही लिहिले.

माझे स्वतःचे मत विचाराल तर हिरोताच्या फाशीचे समर्थन मला करवत नाही. मात्सुईच्या बाबतीत मात्र पालांचे तर्कशास्त्र मला पटत नाही. यंत्रणेवर विसंबण्याचा हक्क यंत्रणा चालत असेपर्यंतच. ती मोडली आहे हे जो डोळ्यांनी पाहतो त्याचा तो हक्क तेथेच संपतो. सेनापतीला यंत्रणेमागे उभे राहू दिले, तर शिपाई म्हणणार मी आज्ञेने वागलो आणि सेनापती म्हणणार मी आज्ञा दिलीच नव्हती. दोघांच्या मध्ये मेलेल्या माणसांचा जाब द्यावयास कोणीच उरत नाही. गणिताच्या अध्यापकाने प्रत्येक पायरी बरोबर मांडावी आणि उत्तर शून्य यावे, तसे काहीसे येथे झाले आहे.

आणि ती मेलेली माणसे काही केवळ परकी नव्हती. अंदमान म्हटले की महाराष्ट्राला सावरकरांची कोठडी आठवते. त्याच अंदमानावर मार्च १९४२ पासून जपान्यांचा कबजा होता. तेथील लोकप्रिय डॉक्टर दिवाणसिंग यांना हेरगिरीच्या आरोपावरून सेल्युलर तुरुंगात छळण्यात आले आणि जानेवारी १९४४ मध्ये ते मरण पावले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस हंफ्रीगंज येथे ४४ हिंदी नागरिकांना गोळ्या घातल्या गेल्या. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ब्रह्मदेश आणि सयाम यांच्यामधील रेल्वेमार्गावर मलायाच्या मळ्यांतील हजारो तामीळ मजूर मेले. गोऱ्या कैद्यांची स्मशाने तेथे नीट राखलेली आहेत, या मजुरांची गणतीही धड झाली नाही. न्यायमूर्ती पालांचा अभिमान बाळगताना आपल्याला ही माणसे आठवत नाहीत.

टोकिओच्या न्यायासनाने जे केले त्यापेक्षा जे केले नाही त्याची यादी मोठी आहे, आणि ती पालांच्या बाजूने बोलते. सम्राटाला आरोपी केले नाही. राज्यकारभारासाठी तो मॅकार्थरना हवा होता. ३१ डिसेंबर १९४७ ला तोजो साक्षीत बोलून गेला की सम्राटाच्या इच्छेविरुद्ध कोणी जपानी माणूस वागणार नाही. सरकार पक्षाची धांदल उडाली, आणि आठवड्याभरात त्याच तोजोकडून ते विधान सावरून घेण्यात आले. मांचुरियात हार्बिनजवळ जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणारे ७३१ वे पथक होते. त्याचा प्रमुख इशी आणि त्याचे सहकारी यांना अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात अभय दिले. त्या पथकाशी संबंधित बारा जणांवर रशियाने १९४९ च्या डिसेंबरात खबारोव्स्क येथे खटला चालवला, तेव्हा पाश्चात्य जगाने तो प्रचार म्हणून झटकून टाकला. सैन्याच्या कुंटणखान्यांत डांबलेल्या कोरियन, चिनी, इंडोनेशियन स्त्रियांसाठी वेगळा आरोपच ठेवला गेला नाही. बटाव्हियात डच न्यायालयाने १९४८ मध्ये असा एक खटला चालवला, पण तो डच स्त्रियांपुरता. किम हाक-सुन ही कोरियन वृद्धा १९९१ मध्ये उघडपणे बोलली तोपर्यंत चाळीसांहून अधिक वर्षे उलटली होती. हिरोशिमाचा उल्लेख १९४६ च्या मे महिन्यात बचावाच्या एका अमेरिकन वकिलाने केला, तेव्हा जपानी भाषांतर ऐन त्या वेळी बंद पडले होते.

निकालाचे वाचन ४ नोव्हेंबर १९४८ ला सुरू होऊन १२ ला संपले. उरलेले पंचवीस आरोपी सर्व दोषी ठरले. पालांचे निकालपत्र न्यायालयात वाचले गेले नाही. २३ डिसेंबरला सुगामो तुरुंगात सात फाशा झाल्या. दुसऱ्याच दिवशी ज्या संशयितांना खटल्यावाचून सोडण्यात आले त्यांत किशी होते. ते १९५७ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांचे नातू आबे पंतप्रधान असताना २००७ मध्ये भारतात आले, त्यांनी आपल्या संसदेत न्यायमूर्ती पालांचे गौरवाने स्मरण केले, आणि कलकत्त्याला जाऊन पालांच्या मुलाची भेट घेतली. टोकिओच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात पालांचे स्मारक २००५ मध्ये उभारलेले आहे. मात्सुई आणि हिरोता यांची नावे १९७८ पासून त्याच मंदिरात पूजली जातात. पाल स्वतः १९५२ ते १९६६ संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगावर होते. म्हणजे ज्या कायद्याची उणीव त्यांनी दाखवली, तो घडवण्याच्या कामातच त्यांनी उत्तर आयुष्य घालवले. स्मारकाला नमस्कार करणाऱ्यांपैकी कितीजण हे सांगतात?

तो कायदा पुढे आला, पण फार हळू. १९४९ च्या जिनीव्हाच्या चौथ्या कराराने नागरिकांना प्रथमच स्वतंत्र संरक्षण दिले. मग मोठी विश्रांती. युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये आणि रवांडासाठी १९९४ मध्ये न्यायासने स्थापन झाली, तीही सुरक्षा समितीच्या ठरावाने. कायमचे न्यायालय असावे म्हणून १९९८ च्या जून-जुलैत रोमला परिषद भरली. १७ जुलैला १२० मते बाजूने, ७ विरुद्ध, २१ तटस्थ असा निर्णय झाला. भारत तटस्थ राहिला. सुरक्षा समितीला या न्यायालयाकडे प्रकरणे सोपवण्याचे वा थोपवण्याचे अधिकार का, ही आपली एक हरकत. अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत घालावा ही आपली एक मागणी. ती चर्चेलाही घेतली गेली नाही. पालांचा आवाज त्यात ऐकू येतो. मात्र त्याआधी दोन महिने आपण पोखरणला स्फोट केले होते, तेव्हा तो आवाज परिषदेत कितपत स्वच्छ ऐकू गेला असेल ते सांगावयास नको.

रोमच्या संहितेच्या २८ व्या कलमात टोकिओचे ५५ वे कलम नव्याने लिहिले गेले. सेनापतीला कळले असेल किंवा परिस्थितीवरून कळावयास हवे असेल, आणि त्याने शक्य ते सर्व वाजवी उपाय केले नसतील, तर तो दोषी. मुलकी अधिकाऱ्यासाठी कसोटी त्याहून सैल ठेवली : त्याला माहीत असले पाहिजे, किंवा स्पष्ट सूचना देणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केलेली असली पाहिजे. हिरोताच्या फाशीची बोच या फरकात राहिली आहे असे मला वाटते.

आणि तरी प्रश्न मिटलेला नाही. काँगोच्या बेंबा नावाच्या पुढाऱ्याच्या फौजेने २००२-०३ मध्ये शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात खून, बलात्कार, लुटालूट केली. बेंबा स्वतः काँगोत होता. २०१६ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला याच २८ व्या कलमाखाली दोषी ठरवले आणि अठरा वर्षांची शिक्षा दिली. ८ जून २०१८ रोजी अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला. परक्या देशात लढणाऱ्या फौजेवर दूरच्या सेनापतीचा हात किती पोहोचणार, त्याने चौकशा नेमल्या होत्या त्या पुरेशा मानावयाच्या की नाही, यावर ते पाच न्यायाधीश फुटले. पाच हजारांहून अधिक पीडितांची नावे त्या खटल्यात नोंदलेली होती. निकालाबरोबर त्यांचा नुकसानभरपाईचा अर्जही निकालात निघाला. पुढे न्यायालयाच्या पीडितनिधीने त्यांच्यासाठी वेगळ्या मदतीची व्यवस्था करण्याचे ठरवले.